कवळी

माणसाच्या तोंडात बत्तीस दात असतात, हे मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून ३१ वर्षे मुलांना शिकवले. कवळीत मात्र अठ्ठावीसच असतात, हे मला वयाच्या ६७ व्या वर्षी कळले. वर चौदा, खाली चौदा. अक्कलदाढांची सोय त्यात केलेली नसते. या वयात अक्कल नव्याने येण्याची आशा नसल्यामुळे असेल, असे मी ती बनविणाऱ्या मुलीला म्हणालो, तेव्हा ती हसली नाही. विनोद फसला असे मला आधी वाटले. मग लक्षात आले की मी काय बोललो, हेच तिला कळलेले नव्हते.

दात गेले म्हणजे खाणे जाते, अशी माझी समजूत होती. आपल्या भाषेनेही ती पक्की करून ठेवली आहे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण दातांचे नाते चण्यांशी जोडते, शब्दांशी नाही. प्रत्यक्षात खाण्याचे मी निभावून नेले. आमचा गोंदिया जिल्हा धानाचा; गोरेगाव तालुक्यात तर घरासमोर पाऊल टाकले की बांधी लागते. सकाळी पेज, दुपारी वरणभात, रात्री पुन्हा मऊ भात, एवढ्यावर बिनदातांचा माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो. माझी आजी जगली. हरभऱ्याचे घाटे, भाजलेले मक्याचे कणीस, शेतातला कच्चा पेरू यांची आठवण होई, पण आठवणीने कोणी उपाशी मरत नाही. जे गेले ते बोलणे होते, आणि ते जाईल अशी कल्पना मला कोणी दिली नव्हती.

दात कसे गेले हे सांगायला संकोच वाटतो, परंतु ते लपवून पुढचे काही सांगता यायचे नाही. आमच्या भागात खर्रा खातात. भरडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून हाताने घोटतात, घोटता घोटता त्याला ओल सुटते, आणि त्या पुडीवर गप्पांचा एक प्रहर निघतो. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली तेव्हा आमच्याकडच्या पानठेल्यांना फारशी झळ पोहोचली नाही. आमचा खर्रा समोर, ताजा घोटला जाई. मी शिक्षक होतो. वर्गात शिरण्यापूर्वी शाळेच्या मागे जाऊन थुंकत असे, चूळ भरत असे, आणि मग आत जाऊन मुलांना आरोग्याच्या सवयींचा पाठ शिकवीत असे. किडलेला दात निदान ठणकून सूचना देतो. हिरड्यांच्या रोगाने जाणारा दात तसे काही करीत नाही. आतल्या आत त्याच्याभोवतीचे हाड झिजते, दात मुळाशी सैल होतो, आणि एके दिवशी भाकरीच्या तुकड्यात हाताला लागतो. माझे समोरचे दोन दात असेच गेले.

त्यानंतर मी एक मूर्खपणा केला. एका आठवडी बाजारात काचेच्या पेटीत दात मांडून बसणारा एक इसम होता. त्याने अर्ध्या तासात, बसल्या जागी, दोन नवे दात माझ्या शेजारच्या दातांना तारेने बांधून आणि कसल्यातरी लगदेवजा पदार्थाने चिकटवून दिले. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने नोंदणी नसलेल्या माणसाला हा व्यवसाय करता येत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण तो स्वस्त होता आणि मला दुसऱ्या दिवशी एका लग्नात जायचे होते. लग्न पार पडले. तार आणि लगदा यांच्याखाली अन्न कुजत राहिले, हिरडी सुजत राहिली, आणि दीड वर्षात आधाराला घेतलेले चांगले दातही हलू लागले. शेवटी गोंदियाच्या एका दंतवैद्याने उरलेले सगळे चार बैठकांत काढले आणि हिरड्या भरून येईपर्यंत दोन महिने थांबायला सांगितले. तेव्हा माझ्या तोंडाचे बोळके झाले.

नोकरीत असताना मी मराठीत एम. ए. केले होते. निवृत्तीनंतर तालुक्यातील मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर मी समंत्रक म्हणून जाऊ लागलो. रविवारच्या संपर्कसत्राला पंधरा-वीस जण येत. कोणी अंगणवाडीत, कोणी राईस मिलमध्ये, कोणी घरची शेती करणारे, दोघी नातवंडे असलेल्या. दात काढल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी नेमका वर्णांच्या उच्चारस्थानांचा भाग आला. फळ्यावर मी लिहिले: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. क, ख, ग ठीक गेले. ट, ठ, ड, ण ठीक गेले, कारण त्यांना जिभेचा शेंडा वर वळवून टाळू गाठावा लागतो, दातांशी त्यांचे देणेघेणे नसते. मग दंत्यांवर आलो. त, थ, द, ध म्हणताना जिभेला पुढे अडायला भिंतच सापडेना; ती ओठांपर्यंत घसरत गेली. न आणि ल हिरडीवर कसेबसे निभावले. ‘स’ने मात्र माझी पुरती शोभा केली.

‘स’ म्हणजे हवेची एक बारीक धार. जीभ आणि दात यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून ती निघते आणि समोरच्या दातांच्या कडेवर आपटून शीळ घालते. दात नसले की धार पसरते आणि ‘स’चा ‘श’ होतो. मी ‘साप’ म्हणालो आणि वर्गाने ‘शाप’ ऐकला. ‘साल’ म्हणालो, ‘शाल’ झाली. दंततालव्य वर्णांची तर याहून वाईट गत. मराठीत च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत, ही आपल्या भाषेची खास श्रीमंती. चार हा आकडा तालव्य, आणि गुरे ‘चार’ म्हणतो तो दंततालव्य. ‘जरा’ म्हणजे थोडेसे, तो दंततालव्य. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, तो तालव्य. हा फरक मी दरवर्षी मोठ्या आवडीने समजावून देत असे. त्या दिवशी ‘जरा थांबा’ म्हणायला गेलो, आणि तोंडातून जी जरा बाहेर पडली ती संस्कृतातली होती.

कोणी हसले नाही. प्रौढ माणसे होती. मागच्या बाकावर एकाने मान खाली घातली, एवढेच. पुढच्या रविवारी प्रकृतीचे कारण सांगून मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मान खाली घालणारा तो गृहस्थ माझा जुना विद्यार्थी. आता चाळिशी ओलांडलेला, मिलमध्ये हमालीपासून सुरुवात करून हिशेबनीस झालेला. तिसरीत माझ्या वर्गात असताना तो ‘शेत’ला ‘सेत’ म्हणे आणि ‘पाणी’ला ‘पानी’. त्यात त्याचा दोष नव्हता. आमच्या झाडीबोलीत ‘श’ची जागा ‘स’ घेतो आणि ‘ण’ची ‘न’. म्हणजे जीभ टाळूकडे वळविण्याचे श्रम ती टाळते आणि दातांजवळचे वर्ण पसंत करते. हे मला एम. ए. करताना कळले, तिसरीच्या वर्गावर असताना मला फक्त शुद्ध आणि अशुद्ध एवढेच ठाऊक होते. त्याला मी ‘शेत’ हा शब्द शंभर वेळा लिहायला लावला होता. त्याने लिहिला. त्यानंतर वर्षभर तो वर्गात मोठ्याने वाचायला उभा राहिला नाही, आणि मीही त्याला उठवले नाही, कारण पटसंख्या मोठी होती आणि गप्प बसणारा मुलगा शिक्षकाला सोयीचा असतो.

आता घरी बसून मी जो काही ‘स’ उच्चारी, त्याचा ‘श’ होत होता. ‘सेत’ म्हणायचे मनात आणले तरी ‘शेत’च निघे. ज्या शुद्धतेसाठी मी त्या पोराचा हात दुखवला, ती मला दात पाडून फुकट मिळाली होती, आणि माझ्या आईबापांची बोली मात्र माझ्या तोंडातून गेली होती. आजीची आठवण तेव्हा फार येई. सबंध घर ‘सेत’ म्हणत असताना ती एकटी ‘शेत’ म्हणे. पहिलीत गुरुजींनी शहामृगाचा ‘श’ शिकवला तेव्हा मला वाटले होते, हे तर आजीचे अक्षर. तिला दात नव्हते, एवढेच त्याचे कारण होते. खलबत्त्यात पान कुटून खाणाऱ्या त्या बाईला कवळी नावाची वस्तू असते हेही कोणी सांगितले नसावे. ती गेली तेव्हा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय सुरूच व्हायचे होते. ते १९६८ चे. देशातले पहिले दंत महाविद्यालयच मुळी डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला काढले, आणि मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ चे. म्हणजे नव्या दातांची ही वाट आमच्या दारापर्यंत यायला बराच काळ गेला.

त्या वाटेने मी नागपूरला निघालो, ते सौभाग्यवतीच्या आग्रहाने. चार-चार वेळा ‘काय म्हणता जी?’ असे विचारून ती कंटाळली होती. पहाटे गोरेगावहून एस. टी.ने गोंदिया, तिथून रेल्वेने नागपूर, तिथून ऑटोने मेडिकल चौक. केसपेपर काढताना खिडकीवरच्या माणसाने गावाचे नाव विचारले. ‘गोरेगाव’ म्हणताच त्याने न विचारता पुढे ‘मुंबई’ लिहिले. आमच्या गावाच्या नशिबी हे नेहमीचेच आहे. मी ‘गोंदिया जिल्हा’ असे दोनदा म्हणालो, पण त्यात दोन दंत्य होते. शेवटी कागदावर लिहून दाखवले.

हे शिकण्याचे रुग्णालय असल्यामुळे तिथे विद्यार्थीच काम करतात आणि त्यांच्या पाठीशी शिक्षक उभे असतात. माझ्या वाट्याला आली ती बाविशीतली एक मुलगी. पूर्ण कवळीचा तिचा मी पहिलाच रुग्ण. ‘काका, तोंड उघडा,’ म्हणून तिने आधी माझ्या उभ्या तीन बोटांची चळत माझ्याच तोंडात घालायला लावली. सुपारी खाणाऱ्यांचे तोंड आतून आखडत जाते. तीन बोटे मावली नाहीत तर माप घेण्याचा साचाही आत जात नाही. माझी तीन बोटे जेमतेम मावली. तिने खर्ऱ्याबद्दल विचारले, मी खरे सांगितले, आणि तिने ते माझ्या कागदावर लाल शाईने लिहिले. लाल शाई उलट्या बाजूने कशी दिसते, ते मी प्रथमच पाहिले.

कवळी म्हणजे बूट-चपलेसारखी मापाच्या आकड्यावरून घ्यायची वस्तू असावी, अशी माझी कल्पना होती. सात फेऱ्यांनी ती दूर केली. पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेल्या एका मसाल्याचा गोळा पत्र्याच्या साच्यात भरून हिरड्यांवर दाबला. त्या ठशात पांढरे प्लास्टर ओतून माझ्या जबड्यांची मूर्ती केली. पण हे केवळ कच्चे माप. त्या मूर्तीवरून माझ्यापुरता वेगळा साचा तयार झाला, आणि दुसऱ्या फेरीत त्याच्या कडांना मसाल्याची कांडी वितळवून लावून तिने मला ओठ पुढे काढायला, गाल आत ओढायला, जीभ उजवीकडे-डावीकडे फिरवायला लावले. गाल आणि जीभ हलतात तेव्हा कवळीची कड त्यांच्या वाटेत येता कामा नये, म्हणून ती कड माझ्याच हालचालींनी घडवायची. नंतर लवंगेच्या वासाची पातळ लापशी त्यात भरून शेवटचा ठसा घेतला. आरशात पाहावे तशी त्यात हिरडीची प्रत्येक सुरकुती उमटली होती.

तिसऱ्या फेरीला दातांच्या जागी मेणाच्या भिंती होत्या. आता प्रश्न उंचीचा होता: वरच्या आणि खालच्या जबड्यांत किती अंतर ठेवायचे. तिने माझ्या नाकाच्या शेंड्यावर एक आणि हनुवटीवर एक असे दोन ठिपके काढले आणि ‘म’ म्हणायला सांगितले. ‘म’ म्हणून ओठ मिटले की जबडा आपोआप विसाव्याच्या जागी येतो. विसाव्यात असताना माणसाचे दात एकमेकांवर टेकलेले नसतात. मध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट राहते. ही फट ठेवली नाही तर बोलताना कवळीचे दात एकमेकांवर खटखटतात आणि गालाचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. फार ठेवली तर नाक-हनुवटी जवळ येऊन चेहरा सुरकुततो. मग तिने ‘व’ने सुरू होणारा एखादा शब्द म्हणा म्हटले. वरच्या दातांची कड खालच्या ओठाला कुठे टेकते, ते दंतौष्ठ्य ‘व’वरून ठरते. मी ‘वावर’ म्हणालो. आमच्याकडे शेताला वावर म्हणतात. तीही शेतकऱ्याचीच मुलगी निघाली. पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

चाळीस वर्षे जे मी फळ्यावर रकान्यांत लिहीत आलो, ते ओष्ठ्य, दंतौष्ठ्य आणि दंत्य इथे मोजपट्टी म्हणून वापरले जात होते. व्याकरणाच्या पुस्तकाचा असा उपयोग होत असेल हे मला कोणी सांगितले असते, तर मी ते वर्गात आधी सांगितले असते.

चौथ्या फेरीला मेणात दात रोवलेले होते. रंगाची निवड आधी झाली होती. मला पांढरे शुभ्र हवे होते. तिने पट्टीवरचे दात माझ्या गालाशी धरून दाखवले आणि पिवळसर झाक असलेला रंग घ्यायला लावला, कारण या वयाच्या चेहऱ्यात शुभ्र दात उसने दिसतात. दात मेणात असेपर्यंत हलवता येतात, म्हणून या दिवशी सगळे तपासून घ्यायचे असते. तिचे शिक्षक आले. त्यांनी मला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगितले. इंग्रजीतही हीच मोजणी देतात म्हणे, पण मराठीत ती जास्तच सोयीची: साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, एकाही आकड्याला ‘स’ चुकवता येत नाही. मी सदुसष्टपर्यंत आलो, म्हणजे माझ्याच वयापर्यंत, आणि त्यांनी हात वर केला. जबड्यांचा मेळ चुकला होता. वरच्या दातांची मधली रेषा नाकाच्या सरळीत नव्हती. त्या मुलीचा चेहरा उतरला. तिचे काम मागे गेले होते, आणि मला गोरेगावहून आणखी एक खेप पडणार होती. आता ते तिला बोलतील, असे वाटून मीच मान खाली घातली. ते म्हणाले, ‘काका परत मोजतील. तू बघू नकोस, नुसतं ऐक. त्यांचा स कुठे सुटतो ते ऐक.’ मी पुन्हा मोजले. ती डोळे मिटून ऐकत राहिली. दात उपटून मेण पुन्हा मऊ करण्यात आले.

परतीच्या गाडीत तो शंभर वेळा लिहिलेला ‘शेत’ माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्या पोराचा ‘स’ मी कधी ऐकला नव्हता. नुसता तपासला होता.

मेण पसंत पडले की ते प्लास्टरच्या पेटीत गाडून, गरम पाण्याने वितळवून काढून टाकतात, आणि त्याच्या पोकळीत गुलाबी ॲक्रिलिक भरून शिजवतात. हे ॲक्रिलिक दातांच्या कामात आले १९३० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्या त्याच जातीच्या पदार्थाच्या होत्या. त्याआधी ऐंशी-एक वर्षे कडक रबराच्या कवळ्या चालल्या, आणि त्याहीपूर्वी युरोपातील श्रीमंत हस्तिदंतात बसवलेले खरे मानवी दात वापरीत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या तरुण शिपायांचे दात काढून विकले गेले, आणि ते अनेकांच्या तोंडात जेवले. हे वाचल्यावर माझ्या प्लॅस्टिकच्या दातांबद्दल मला एकदम आपुलकी वाटू लागली.

कवळी मिळाली त्या रात्री मी नागपुरातच साडभाऊंकडे थांबलो, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचे होते. कवळी बसली म्हणजे काम संपले, असे नसते. कुठेतरी ती टोचते, तिथे पांढरा व्रण पडतो, तेवढी जागा घासून घ्यावी लागते. अशा तीन खेपा झाल्या. वरची कवळी लाळेच्या पातळ थरावर टाळूला चिकटून राहते. खालचीला तो आधार नाही. खालची हिरडी अरुंद, दात गेल्यावर ती झिजतेही लवकर, आणि मध्ये जीभ सतत हलत असते. खालची कवळी अक्षरशः तरंगते. तिला जागेवर ठेवायला जिभेनेच शिकायचे असते. चावण्याचेही नव्याने शिकावे लागते. आपण सगळे जन्मभर एका बाजूने चावतो. कवळीने तसे केले तर दुसरी बाजू उचलते, म्हणून घास दोन वाटण्या करून दोन्ही बाजूंना द्यावा लागतो. एवढे करून खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाचाच जोर येतो. मराठीत ‘कवळ’ म्हणजे घास. कवळी हाती आल्यावर एकेका कवळासाठी किती कवायत करावी लागते, ते मला कळले. घाटे मी अजून खात नाही. भाजून, सोलून, कुटून दिले तर खातो, आणि त्याला घाटे खाणे म्हणत नाहीत.

बोलण्याचे काय? ‘स’ दुसऱ्याच दिवशी परत आला. थोडी शीळ जास्त होती, पण तो ‘स’ होता. त, थ, द, ध यांना भिंत मिळाली. बिघडले ते दुसरेच. वरची कवळी सगळा टाळू झाकते. ट, ठ, ण, श, तालव्य च यांना जीभ जिथे टेकते, तिथे आता माझे अंग नव्हते, प्लॅस्टिक होते. बिनदातांच्या काळात जे वर्ण माझ्याशी इमान राखून होते, तेच आता भरल्या तोंडाने बोलल्यासारखे येऊ लागले. ‘बाण’चा ‘ण’ निसटून जाई. त्या मुलीने मोठ्याने वाचायला सांगितले होते. मी रोज संध्याकाळी अंगणात बसून वर्तमानपत्र वाचू लागलो, संपादकीयापासून धानाच्या भावापर्यंत. शेजारचे एक गृहस्थ कुंपणाशी येऊन उभे राहिले. ‘का जी मास्तर, कोनाले वाचून दाखवता?’ मी म्हणालो, ‘दातांना.’ त्यांना ते पटले असावे. ते थांबून बाजारभाव ऐकून गेले.

दीड महिन्याने मी संपर्कसत्राला गेलो. राहिलेला भाग तोच होता. फळ्यावर पुन्हा पाच रकाने आखले, दंत्यांवर आलो, आणि ‘साल’ व ‘शाल’ यांतला फरक सांगू लागलो. अंगणवाडीतल्या एका बाईंनी विचारले, ‘सर, मागल्या वेळी तुमचा उच्चार वेगळा येत होता. तो कसा काय?’ विचारण्यात चेष्टा नव्हती. मी क्षणभर थांबलो. मग टेबलावरचा पाण्याचा पेला जवळ ओढला, पाठ न फिरवता वरची आणि खालची कवळी काढून त्यात ठेवली, आणि ‘साल’ म्हणालो. ‘शाल’ ऐकू आले. ‘सेत’ म्हणालो. ‘शेत’ ऐकू आले. तोंडावर हात ठेवून प्रत्येकाला हवा कुठे आपटते ते पाहायला सांगितले. वर्गभर एकच सुसकारा सुरू झाला. पोळ्याच्या दिवशी बैल फुरफुरतात तसा.

मागच्या बाकावरून तो मिलमधला विद्यार्थी उठला. ‘गुरुजी, मंग आमी सेत म्हनतो ते चूक का?’

मी कवळी धुऊन पुन्हा बसवली. उत्तर स्पष्ट ऐकू जायला हवे होते. म्हणालो, ‘चूक नाही. झाडीबोलीत तिथे ‘स’च येतो. तो तिचा नियम आहे, आणि तो सगळीकडे सारखा चालतो. तिसरीत मी तुला शंभर वेळा लिहायला लावलं, ते चूक होतं. परीक्षेत मात्र ‘शेत’ लिही, कारण तिथे प्रमाणभाषा अपेक्षित आहे.’

‘शंभर नव्हते जी,’ तो म्हणाला. ‘अठ्ठ्यान्नव लिवले होते. तुमी मोजले नाही.’

सगळे हसले, मीही हसलो, आणि खालची कवळी उचलली गेली. ती जिभेने दाबून बसवीपर्यंत त्याने पुस्तक उघडले होते. पुढचा परिच्छेद कोण वाचणार, असे मी विचारले. तो उभाच होता; त्याने वाचायला सुरुवात केली.